मंगळाची वाट आणि माणसाची शिदोरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धाराशिव येथे केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा एखाद्या शास्त्रीय विषयावर आम्ही बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली. तेव्हा माणसाला मंगळावर पाठविण्यात यंत्रशास्त्राच्या कोणत्या अडचणी आहेत, हा विषय आम्ही सुचविला. तो कार्यकारिणीपुढे गेला असता एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “अहो, ज्या जिल्ह्यात वैशाखात टँकरची वाट पाहत बायाबापड्या घागरी मांडून बसतात, तेथे मंगळाचे काय घेऊन बसलात?” प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, व तो अस्थानीही नव्हता. आमचे सारे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामांत गेले आहे. त्यामुळे दोन दिवस आम्ही त्या प्रश्नावर विचार करीत राहिलो, आणि आमची अशी खात्री झाली की, हा विषय टँकराचाच आहे. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही तो साडेपाच कोटी किलोमीटरांच्या आसपास दूर असतो. परंतु मंगळावर जशी विरळ हवा आहे, तशी हवा पाहावयाची असेल तर इतके दूर जावे लागत नाही. ती आपल्या डोक्यावर पस्तीस किलोमीटरांवरच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र हैदराबादेस आहे. तेथून पातळ प्लास्टिकचे अवाढव्य फुगे शास्त्रीय उपकरणे घेऊन तीस ते बेचाळीस किलोमीटर उंच सोडले जातात. प्रयोग संपला की उपकरणांच्या पेट्या हवाई छत्रीने खाली येतात, आणि विशाखापट्टण–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादेपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरांवर पडतात. ज्या जिल्ह्यांत त्या पडण्याचा संभव असतो, त्यांच्या यादीत आपल्याही जिल्ह्याचे नाव असते. पेटी सापडल्यास उघडू नये, पोलिसांस कळवावे, अशी त्यावर सूचना असते. पस्तीस किलोमीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या दीडशे-पावणेदोनशेव्या हिश्शाइतका उरतो. मंगळाच्या पृष्ठभागावरील दाबही जवळजवळ तेवढाच आहे. तेथे माणूस उघड्यावर उभा राहिला तर अंगातील उष्णतेनेच त्याच्या अंगातील ओलावा उकळू लागेल.

ही पेटी ज्वारीच्या शेतात अलगद उतरते याचे कारण छत्री जसजशी खाली येते तसतशी हवा दाट होत जाते व वेग आवरला जातो. मंगळावर ही खालची दाट हवा नाही. पस्तीस किलोमीटरांवर असते तशी विरळ हवाच तेथे थेट जमिनीपर्यंत पोचते. एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता आपण आजवर मंगळाकडे काय पाठविले त्याचा हिशेब पाहू. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आपले मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले. पहिल्याच प्रयत्नात हे साधले याचा अभिमान आपणां सर्वांस आहे व असावा. पण विद्यार्थ्यांनी अभिमानाबरोबर आकडेही पाठ करावेत. निघताना यानाचे वजन १३३७ किलो होते. पैकी ८५२ किलो इंधन होते. आणि ज्या शास्त्रीय उपकरणांसाठी हा सारा खटाटोप झाला, त्यांचे वजन होते अवघे १५ किलो. बैलगाडीभर वैरण बैलांसाठीच न्यावी आणि बाजारात विकावयास एक पायली धान्य उरावे, असा हा व्यवहार आहे. यात कोणाची चूक नाही, हा अग्निबाणाचा स्वभावच आहे. शिवाय या यानाला परत यावयाचे नव्हते, उतरावयाचेही नव्हते. त्याला तहान नव्हती. त्याचे मुख्य इंजिन जवळजवळ तीनशे दिवस निजून होते. ते पुन्हा जागे होते की नाही हे पाहण्यासाठी २२ सप्टेंबरला त्याला चार सेकंद पेटवून पाहिले, आणि सारा देश श्वास रोखून बसला. यंत्राची ही कथा. माणसाची याहून कितीतरी वेगळी आहे.

(येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. मंगलयान ज्या जातीच्या अग्निबाणाने गेले, त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे ‘विकास’ इंजिन मुंबईस विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनत आले आहे, आणि अशा अग्निबाणांची पोलादी आवरणे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरास, जेथे पूर्वीपासून साखर कारखान्यांची यंत्रे होतात, तेथे तयार झालेली आहेत. आपल्या मुलांनी आकाशाकडे पाहण्यासाठी अमेरिकेसच जावे लागते असे समजू नये. जोडकाम नीट शिकलेल्या माणसाला सोलापूरच्या शेजारीही हे काम आहे.)

आता माणसाकडे येऊ. पृथ्वी आणि मंगळ दोघेही सूर्याभोवती फिरतात, त्यामुळे कमी इंधनाची वाट दर सव्वीस महिन्यांनी एकदाच उघडते. जाण्यास साडेआठ महिने लागतात. तेथे पोचल्यावर परतीची वाट उघडेपर्यंत सुमारे पंधरा महिने थांबावे लागते, आणि परत येण्यास पुन्हा साडेआठ महिने. म्हणजे दोन वर्षे आठ महिने, सुमारे ९७० दिवस. पंढरीची वारी करणाराही किती दिवसांची वाट आहे ते पाहून शिदोरी बांधतो. चार माणसांची ९७० दिवसांची शिदोरी किती, ते आपण बांधून पाहू.

एका माणसास पिण्यास व अन्न भिजविण्यास रोज तीन लिटर पाणी धरले, तर चौघांस साऱ्या प्रवासात ११,६४० लिटर पाणी लागते. अंघोळ नाही, धुणे नाही, भांडी नाहीत. बारा हजार लिटर म्हणजे काय ते या सभागृहात कोणास समजावून सांगावयास नको. आपल्या गावच्या वेशीत उभा राहतो तो मोठा टँकर. आपला सर्वांत बलवान अग्निबाण ‘एलव्हीएम-३’ निघताना ६४० टन वजनाचा असतो आणि पृथ्वीलगतच्या कक्षेत सुमारे ८ टन ओझे नेतो. म्हणजे हा एक टँकर नुसता पृथ्वीच्या अंगणात नेऊन ठेवण्यासच असे दोन अग्निबाण खर्ची पडतील. मंगळ पुढेच राहिला. पाण्यावर प्राणवायू आला: माणशी रोज ८४० ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वातीन टन. बांधलेले अन्न आणखी सहा-सात टन. राहावयाची खोली, औषधे, कपडे, अवजारे हे सारे वेगळेच. माणसाचे स्वतःचे वजन सत्तर किलो. ते या हिशेबात दिसतसुद्धा नाही.

मग टँकर नेऊ नये, विहीर न्यावी, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. पृथ्वीभोवती चारशे किलोमीटरांवर जे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक आहे, जेथे २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशु शुक्ला राहून आले, तेथे घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र हे सारे शुद्ध करून पुन्हा पिण्यास देतात. ऐकून कोणी नाक मुरडू नये. आपण पितो ते पाणीही पृथ्वीने असेच लक्ष वेळा गाळलेले आहे, फक्त तिने ते आपल्या डोळ्यांआड केले. २०२३ साली या यंत्रणेने शंभर लिटरांपैकी अठ्ठ्याण्णव लिटर परत मिळविण्याची मजल गाठली. या प्रमाणाने आपला बारा हजार लिटरांचा टँकर एका मोठ्या पिंपावर आणि वर दोन-तीन घागरींवर येतो. एवढी काटकसर आमच्या उभ्या नोकरीत आम्ही कोठे पाहिली नाही.

पण नोकरीत आम्ही दुसरेही काही पाहिले आहे. याच जिल्ह्यातील एका गावी विहिरीला भरपूर पाणी, पंप नवा, नळही नवे. आणि गाव चार दिवस कोरडे. कारण काय, तर फूटव्हॉल्व्हमधली तळहाताएवढी रबरी झडप फाटली होती आणि त्या मापाची दुसरी मिळत नव्हती. पाण्याची योजना पाण्यावाचून क्वचित मरते. ती अशा झडपेवाचून मरते. अंतराळातही हेच आहे. २०२४ साली स्थानकातील मूत्र शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंप बंद पडला. तेव्हा निघण्याच्या बेतात असलेल्या यानातून दोन प्रवाशांच्या कपड्यांच्या बॅगा उतरविल्या आणि त्या जागी नवा पंप पाठविला. चारशे किलोमीटरांवर हे करता आले. मंगळाच्या वाटेवर पुढचे यान सव्वीस महिन्यांनी, आणि “आता काय करू?” असे विचारले तर प्रश्न पोचण्यास तीन ते बावीस मिनिटे व उत्तर येण्यास तितकीच. तेव्हा जे यंत्र न्यावयाचे, ते अडीच-पावणेतीन वर्षे न बिघडणारे हवे, नाहीतर बिघडल्यावर तेथल्या तेथे चार माणसांना दुरुस्त करता येईल असे तरी हवे. या दोहोंपैकी पहिले कोणासही अद्याप जमलेले नाही. सुटे भाग न्यावेत तर ते पुन्हा ओझे. कोणता भाग किती न्यावा, हा हिशेब आमच्या मते सर्व हिशेबांत अवघड आहे, कारण त्यात न बिघडलेले सारे वाया जाते आणि न नेलेले एखादेच जिवावर बेतते.

समजा, शिदोरी बांधली आणि माणसे मंगळापाशी पोचली. आता उतरावयाचे. यान सेकंदास पाच-साडेपाच किलोमीटर वेगाने हवेत शिरते. ती हवा यान जाळण्यापुरती दाट आहे, पण थांबविण्यापुरती नाही. अमेरिकेचे ‘पर्सिव्हिअरन्स’ हे सुमारे एक टनाचे गाडे १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरले. प्रथम उष्णतारोधक ढालीने वेग कमी केला, मग साडेएकवीस मीटर व्यासाची हवाई छत्री उघडली, आणि अखेर लहान अग्निबाणांनी तोललेल्या यानातून दोरांनी गाडे खाली सोडले. सात मिनिटांचा खेळ. तेथपर्यंत ठीक. पण माणसे, त्यांची खोली व त्यांचे सामान उतरवावयाचे तर एका वेळी निदान वीस टन तरी उतरविले पाहिजे. वीसपट ओझ्यास त्याच हिशेबाने वीसपट कापड हवे, म्हणजे छत्रीचा व्यास साडेचारपट, जवळजवळ शंभर मीटर. आवाजाहून अधिक वेगाने जाताना एवढे कापड क्षणार्धात उघडावयाचे आणि ते फाटू नये! येथे आपला फुगा पुन्हा आठवावा. २०१४ व २०१५ साली अमेरिकेने हवाई बेटांजवळ फुग्याने एक चाचणी-यान छत्तीस किलोमीटर वर नेले, तेथून अग्निबाणाने आणखी वर ढकलले, आणि मंगळासारख्या त्या विरळ हवेत तीस मीटरांची छत्री उघडून पाहिली. दोन्ही वेळा ती फाटली. शंभर मीटर दूरच, तीस मीटरांचीही टिकली नाही.

त्यामुळे आता छत्रीचा नाद सोडून दोन वाटा शोधल्या जात आहेत. एक, उष्णतारोधक ढालच फुग्यासारखी फुगवून मोठी करणे. सहा मीटर व्यासाची अशी ढाल १० नोव्हेंबर २०२२ रोजी पृथ्वीच्या हवेत उतरवून पाहिली व ती सुखरूप आली. दुसरी, उतरत्या यानाची तोंडे उलटी करून इंजिनांच्या जोरानेच वेग मारणे. पण त्यास इंधन हवे, आणि इंधन म्हणजे पुन्हा बैलांची वैरण. सारे मंगळयात्रेचे ग्रंथ वाचून आमचे मत असे झाले आहे की, लोक अग्निबाणाच्या उड्डाणाकडे डोळे लावून बसतात, पण खरा घाट उतरणीचा आहे. आपल्या बालाघाटात भरल्या गाडीला बैल चढणीवर दमतात, आणि उतरणीवर गाडी त्यांच्या अंगावर येते, हे गाडीवानाला विचारावे.

वाटेत शरीराचे काय होते ते थोडक्यात सांगतो. वजनरहित अवस्थेत हाडे दर महिन्यास शेकडा एक-दीड या मानाने झिजतात. त्यावर व्यायाम हा उपाय आहे आणि तो बऱ्यापैकी लागू पडतो. किरणोत्सर्गाचे मात्र तसे नाही. २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’ यानातील उपकरणाने मोजले, तेव्हा दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट आढळले. पृथ्वीवर माणसास निसर्गतः वर्षभरात जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, त्याचा तीन-चतुर्थांश भाग एका दिवसात! मंगळाच्या जमिनीवर तो याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आहे, पण तेथे राहावयाचे आहे पंधरा महिने.

त्याला उपाय मातीचा. घरावर दोन-तीन मीटर माती घालावी आणि आत राहावे. हे ऐकून धाराशिवच्या लेण्यांची आठवण कोणास झाली तर नवल नाही. काळ्या खडकाच्या पोटात माणसे राहू शकतात हे या डोंगराने कधीच दाखविले आहे, आणि मंगळाचा खडकही बहुतांशी आपल्या दख्खनच्या खडकासारखाच, ज्वालामुखीच्या रसाचा आहे. पण आम्हांला लेण्यांहून आधी आठवते ते माळवद.

येथे बसलेल्या अनेक घरांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावयास नको. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर हातभर-दोन हात पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, असे ते छप्पर आमच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या मोठ्या शहाणपणाने घातले होते. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडत गेली. त्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व भोवतालच्या गावांत जमीन हलली आणि हजारो माणसे भूकंपाने नव्हे, तर त्या मातीखाली गेली. उमरगा-लोहाऱ्याकडील आमच्या आप्तांच्या घरी त्यानंतर कित्येक वर्षे कोणी छपराखाली निजत नसे. एका संकटापासून राखणारे ओझे दुसऱ्या संकटात घात करते, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

म्हणून मंगळावरच्या मातीच्या घराचे नकाशे पाहताना आम्ही प्रथम छपराचा हिशेब केला, आणि उत्तर उलटेच आले. आतील माणसांना श्वास घेता यावा म्हणून घरात हवा दाबून भरावी लागते. पृथ्वीवरच्या निम्म्या दाबाने भरली तरी ती हवा दर चौरस मीटरास पाच टनांच्या जोराने छप्पर वर ढकलते, कारण बाहेर तिला विरोध करणारी हवाच नाही. वर तीन मीटर माती घातली तरी मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या शेकडा अडतीसच असल्याने तिचा भार दर चौरस मीटरास पावणेदोन टनांच्या आसपासच भरतो. म्हणजे तेथे छप्पर कोसळण्याची भीती नाही; ते उडण्याची आहे. घर खांबांवर तोलावयाचे नाही, तर पिंपासारखे सर्व बाजूंनी आवळावयाचे. पण त्यालाही एक ‘पण’ आहे. कोठे चीर पडून हवा निघून गेली, तर तेच छप्पर एका क्षणात सास्तूरचे माळवद होईल. तेव्हा ते आत हवा असतानाही टिकले पाहिजे आणि नसतानाही. दोन्ही बाजूंचा हिशेब करणारा स्थापत्यविशारद ज्या दिवशी या जिल्ह्यातून निघेल, त्या दिवशी आम्हांला फार बरे वाटेल; कारण त्याच्या घरी आजी-आजोबांनी त्याला अर्धा हिशेब आधीच सांगितलेला असेल.

राहता राहिली परत येण्याची गोष्ट, आणि खरे पाहता सर्व ओझ्यांत मोठे ओझे तेच आहे. चार माणसांना मंगळाच्या जमिनीवरून वर उचलावयास सुमारे ७ टन इंधन व ते जाळण्यास २५ टन प्राणवायू लागेल, असा नासाचा हिशेब आहे. हा प्राणवायू येथून नेणे म्हणजे आपण वर बांधलेल्या सबंध शिदोरीहून मोठी शिदोरी केवळ परतीसाठी नेणे. पण मंगळाच्या हवेत शेकडा पंच्याण्णव भाग कार्बन डाय-ऑक्साइड आहे, आणि त्यात प्राणवायू आहेच; तो सोडविता आला पाहिजे. पर्सिव्हिअरन्सवर ‘मॉक्सी’ नावाचे एक लहानसे यंत्र होते. त्याने तेथील हवा आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून विजेच्या साह्याने तिच्यातून प्राणवायू वेगळा केला. दुसऱ्या ग्रहावर तेथलीच हवा घेऊन माणसाने केलेला हा पहिला प्राणवायू. २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा यंत्र चालविले व एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल. हवे आहेत २५ टन. सोळा महिन्यांत ते करावयाचे तर तासाला दोन किलोंहून अधिक करावे लागतील. मॉक्सीने गाठलेला सर्वांत मोठा वेग तासाला बारा ग्रॅम होता. जवळजवळ दोनशेपट मोठे यंत्र हवे, त्याला अखंड पंचवीस-तीस किलोवॅट वीज हवी, आणि तेथील धुळीच्या वादळांत सूर्य महिनाभर झाकला गेला तरी ती वीज चालू राहिली पाहिजे. २०१८ च्या अशाच वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे सूर्यप्रकाशावर चालणारे गाडे कायमचे निजले. म्हणून तेथे लहान अणुभट्टी न्यावी असे आता बहुतेकांचे मत आहे.

यावरून योजना अशी ठरते की, यंत्र आधी पाठवावयाचे, माणसे मागाहून. एका वाटेने प्राणवायू करणारा कारखाना जाऊन उतरेल, टाकी भरीत राहील, आणि सव्वीस महिन्यांनी पुढची वाट उघडेल तेव्हा टाकी भरल्याची खबर आली असेल तरच माणसे घरून निघतील. पाणी भरल्याचे कळल्यावाचून लग्नाची तिथी धरू नये, असे आमच्या आईचे म्हणणे होते. ते या कामी तंतोतंत लागू पडते.

हे भाषण आम्ही दोन दिवस आधी घरी मंडळाच्या काही विद्यार्थ्यांना वाचून दाखविले. तेव्हा कळंबकडील एका मुलीने विचारले, “पण टाकी भरल्यावर ती दोन वर्षे तशीच राहील कशी? आमच्या गच्चीवरची टाकी तर न वापरताही उतरते.” आम्ही तिला सांगितले की, बाई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलेस. प्राणवायू द्रवरूपात साठवावयाचा म्हणजे तो उणे १८३ अंशांवर थंड राखावा लागतो. जराही उष्णता आत शिरली की तो उकळून उडून जाऊ लागतो, आणि माणसे पोचेपर्यंत टाकी अर्धी व्हावयाची. त्यासाठी टाकीला सतत थंड ठेवणारे यंत्र हवे, आणि ते यंत्र दोन वर्षे कोणी माणूस जवळ नसताना चालले पाहिजे. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “आणि त्याची झडप फाटली तर?”